पगार कोन तारखेता

स्पेनमधल्या थारागोथाला पोचून मला नऊ दिवस झाले होते. घराखालच्या दुकानात दूध, पाव आणि बटाटे घेऊन मी रांगेत उभी होते. गल्ल्यावरची मुलगी मान वर न करता एका दमात म्हणाली, "पागार कोन तारखेता?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. मला अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं: पगार कोणत्या तारखेला? बडोद्यात एका सहकारी बँकेच्या काउंटरवर मी बावीस वर्षं काढली. हा प्रश्न मी किती जणांना विचारला असेल त्याची गणती नाही. पगार कोणत्या तारखेला जमा होतो, हप्ता कधी कापायचा. आणि इथे, सातासमुद्रापलीकडे, एक पोरगी मला तेच विचारत होती. मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी माझ्या हातातल्या कार्डाकडे बोट दाखवलं तेव्हा उलगडा झाला. पागार म्हणजे पैसे देणं, तारखेता म्हणजे कार्ड, आणि कोन हा आपल्या 'ने'चा भाऊ. कार्डाने देणार का, एवढंच ती विचारत होती.

घरी येऊन मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर देवनागरीत लिहून ठेवलं. ही वही आत्ताही माझ्यासमोर आहे.

ह्यांची कंपनी ट्रान्सफॉर्मर बनवते. थारागोथाजवळच्या कारखान्यात तीन वर्षांसाठी ह्यांना पाठवायचं ठरलं तेव्हा मुलगा पुण्यात नोकरीला लागला होता, आई बडोद्यातच, दांडिया बाजारात भावाजवळ होती. मी एक्कावन्न वर्षांची. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि निघाले. कंपनीच्या कागदावर गावाचं नाव झारागोझा होतं. तिथली माणसं मात्र थारागोथा म्हणतात. जीभ दातांमध्ये किंचित धरायची आणि वारा सोडायचा. आपल्या 'थ'च्या जवळचा उच्चार आहे, पण तो नव्हे. माद्रिद आणि बार्सिलोना यांच्या साधारण मधोमध, एब्रो नदीच्या काठी हे गाव आहे. नदीलगत पिलारच्या बासिलिकाचे, म्हणजे मोठ्या चर्चचे, मनोरे दिसतात आणि हिवाळ्यात थिएर्थो नावाचा कोरडा, गार वारा वायव्येकडून असा येतो की चालता माणूस थबकतो.

निघण्याआधी दोन महिने मी मोबाइलवर थोडं स्पॅनिश गिरवलं होतं. नमस्कार, आभार, मुलगा सफरचंद खातो, एवढं येत होतं. ह्यांच्या ऑफिसात इंग्रजी चालायचं, मलाही कामापुरतं इंग्रजी येतं, त्यामुळे निभेल असं वाटलं होतं. फेब्रुवारीतल्या एका रात्रीने ते खोटं ठरवलं.

ह्यांना ताप चढला, १०३. घरातल्या गोळ्या संपलेल्या. तिथे रात्री औषधाची दुकानं बंद होतात, पाळीपाळीने एखादंच उघडं राहतं. त्या दुकानातही आत घेतलं नाही, दाराला एक छोटी खिडकी होती, तिच्यातून बोलायचं. मी वाऱ्यात उभी राहून खिडकीतून थर्मामीटर दाखवला. आपला थर्मामीटर फॅरनहाइटचा आणि त्यांचा सगळा हिशेब सेल्सिअसचा. १०३ हा आकडा बघून आतल्या बाई गोंधळल्या. मग त्यांनी एकामागून एक पाच प्रश्न विचारले. वय काय, कशाची ॲलर्जी आहे का, आणखी कोणती औषधं चालू आहेत, असेच असणार. काउंटरच्या आतला माणूस काय विचारतो हे मला वेगळं सांगायला नको. पण शब्द एकही कळेना. ह्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे एवढं एकच वाक्य मला सांगायचं होतं आणि ते माझ्यापाशी नव्हतं. मोबाइलवर भाषांतर करायला गेले तर गारठ्याने बोटं चालेनात. शेवटी पॅरासिटॅमॉलचं पाकीट मिळालं, ताप दोन दिवसांत उतरला. पण त्या खिडकीबाहेरची पाच मिनिटं माझ्या मनातून गेली नाहीत. बँकेत खेड्यापाड्यांतून बायका यायच्या, फॉर्म हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. त्यांना काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

मार्चमध्ये शहरातल्या एका खाजगी क्लासला नाव घातलं. तो इंग्रजी येणाऱ्यांसाठीचा होता, म्हणून मुद्दाम निवडला. तीन महिन्यांची फी आगाऊ भरायची, परत मिळणार नाही असं छापलेलं होतं. तिथे प्रत्येक स्पॅनिश वाक्याचं आधी इंग्रजी व्हायचं, मग त्या इंग्रजीवर नियम बसवायचा आणि नियमाला अपवाद लिहून घ्यायचे. माझ्यासोबत सगळी विशी-पंचविशीतली मुलं. ती भराभर पुढे जायची. माझं मात्र डोक्यात दोन उंबरठे ओलांडणं चालायचं, स्पॅनिशमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत, आणि उत्तर द्यायला तोच प्रवास उलटा. तोवर प्रश्न पुढच्याकडे गेलेला असे. मे महिन्यात मी जाणं सोडून दिलं. दोष एकट्या क्लासचा नव्हता, पण चूक वाट धरायला लावली एवढी माझी तक्रार आहेच. मराठीत विचार करणाऱ्या माणसाने इंग्रजीतून शिकवणाऱ्या क्लासला फी भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मी आईला फोनवर सांगितलं. आई मूळची साताऱ्याची. १९७० साली लग्न होऊन बडोद्याला आली तेव्हा तिला गुजरातीचा गंध नव्हता. घरात मराठी, गल्लीत मराठी, पण खंडेराव मार्केटात भाजी घ्यायची तर गुजराती हवं. ती म्हणाली, "अगं, मला कुठे इंग्रजी येत होतं? मी आधी आपले शब्द धरले. बटाटा त्यांचाही बटाटाच, कोबी कोबीच. चावी, पगार तेच. कांद्याला डुंगळी म्हणतात हे मागून कळलं. ओळखीचे चार शब्द मिळाले की अनोळखी शब्द त्यांच्या मागे मागे येतात. तू तुझी मराठी बाजूला का ठेवलीस?"

फोन ठेवला आणि वहीचं पहिलं पान उघडलं. पगार. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेला आहे आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. त्या पानावर मी खाली लिहीत गेले. पाव, त्यांचा पान. बटाटा, त्यांचा पाताता. परात, त्यांचा प्लातो, म्हणजे ताटली. तंबाखू, ताबाको. चावी आणि त्यांचं याबे ऐकायला लांबचे वाटतात, पण दोन्हींचं मूळ लॅटिनमधल्या क्लाविसमध्ये आहे. आईने खंडेराव मार्केटात ज्या शब्दांचा हात धरला होता त्यांतलेच तीन-चार मला थारागोथात भेटत होते. या गोष्टीने मला केवढा धीर दिला हे कोणाला सांगून पटणार नाही.

सप्टेंबरमध्ये सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रात प्रवेश घेतला. हे मला शेजारच्या आजींनी सुचवलं. चौथ्या मजल्यावर आमच्या समोरच्या दारात त्या एकट्या राहायच्या, ऐंशीच्या जवळपास, मला इखा म्हणायच्या. इखा म्हणजे मुलगी. प्रवेशाची खटपट थोडक्यात सांगते. नगरपालिकेत आपला राहता पत्ता नोंदवून दाखला घ्यावा लागतो, त्याला आधी वेळ ठरवावी लागते, वेळ लवकर मिळत नाही. पासपोर्ट, घरभाड्याचा करार, परदेशी नागरिकाचं ओळखपत्र, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. मग केंद्रात पातळी तपासायची छोटी परीक्षा. मी सगळ्यात खालच्या वर्गात बसले, ज्याला युरोपभर ए-एक म्हणतात. फी नव्हती. आठवड्यातून चार दिवस, सकाळी दोन तास.

वर्गात आम्ही सोळा जण. मोरोक्कोच्या दोन बहिणी, सेनेगलचा एक उंच तरुण जो पहाटे गोदामात काम करून यायचा, रोमानियाची एक स्वयंपाकीण, एक चिनी जोडपं, युक्रेनच्या एक आजी. आमच्या शिक्षिका पस्तिशीच्या. त्यांनी वर्षभरात इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नाही, कारण वर्गात इंग्रजी येणारे जेमतेम तीन-चार. त्या फळ्यावर चित्रं काढायच्या, हातवारे करायच्या, टेबलाखाली शिरून 'खाली' शिकवायच्या. सगळे त्यांना नावाने आणि एकेरीत हाक मारत. तिथे तशीच पद्धत आहे. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. मी प्रोफे म्हणायचे, आणि मनातल्या मनात बाई.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने नाव-गाव सांगायचं होतं. स्पॅनिशमध्ये ब आणि व यांचा उच्चार एकच, त्यामुळे फळ्यावरचं वडोदरा त्यांनी बादोदारा असं वाचलं. मला ते फार आवडलं. इंग्रजी धाटणीच्या 'व्हडोडरा'पेक्षा ते आमच्या बडोद्याच्या कितीतरी जवळचं होतं. मग माझी पाळी आली तेव्हा बाईंनी थांबवून विचारलं, आधी कुठे शिकलात? कारण माझा त आणि द त्यांच्यासारखा होता. प, त, क म्हणताना त्यांच्यात हवा सुटत नाही, आपल्यातही नाही. आ, ए, इ, ओ, उ हे त्यांचे पाच स्वर आपल्या बाराखडीत बसलेलेच आहेत. ज्यावर इंग्रजी माणूस महिने घालवतो ते आपल्याला पाळण्यात मिळालेलं असतं. अडला तो फक्त लांब र. पेरो म्हणजे पण, आणि पेर्रो म्हणजे कुत्रा. र जिभेवर घोळला नाही तर कुत्र्याचा पण होतो. मग मला आठवलं की मुलगा लहान असताना मी त्याला गच्चीत उभी राहून म्हणायचे, चिमणी भुर्रर्र उडाली. दोन दिवस घरात भुर्र म्हणत फिरले, र आला.

ऑक्टोबरमधला एक तास मी कधी विसरणार नाही. बाईंनी स्वयंपाकघरातल्या वस्तू शिकवायला घेतल्या. फळ्यावर साखरेच्या डब्याचं चित्र काढून लिहिलं, आथुकार. मोरोक्कोच्या दोघी एकदम म्हणाल्या, सुक्कर! युक्रेनच्या आजी म्हणाल्या, त्सुकोर. रोमानियाची म्हणाली, झाहार. मी म्हटलं, साखर. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी उठून फळ्यावर शर्करा लिहिलं, देवनागरीत, आणि बाण काढला. संस्कृतातला शब्द फारसी-अरबीतून पश्चिमेला गेला, स्पेनवर अरबांचं राज्य कित्येक शतकं होतं, त्यांनी तो तिथे पोचवला. थारागोथा हे नावसुद्धा तसंच घडलं आहे. रोमन बादशहाच्या नावावरून थेसाराउगुस्ता, अरबांच्या तोंडी साराकुस्ता, त्याचं थारागोथा. पुढचं चित्र संत्र्याचं होतं. नारांखा. मी नारिंग म्हटलं तेव्हा मोरोक्कोच्या धाकटीने माझा हातच धरला.

पण शब्दांचं नातं ही वरवरची गंमत झाली. खरी गाठ पडली ती वाक्याशी. नोव्हेंबरमध्ये 'आवडणं' हे क्रियापद आलं. बाईंनी लिहिलं, मे गुस्ता एल मांगो. मग लिहिलं, मे गुस्तान लोस मांगोस. आणि खडू ठेवून म्हणाल्या की इथे सगळ्यांना वेळ लागतो, घाबरू नका. खाजगी क्लासात याच वाक्यावर आमचे तीन तास गेले होते, आणि शेवटी इंग्रजीत 'आंबा मला सुखावतो' असा काहीतरी खटाटोप लिहून घेतला होता. मी फळ्याकडे बघत होते. मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात. 'मला'साठी मे, आणि क्रियापद आंब्याच्या मागे, माझ्या मागे नाही. एक आंबा तर गुस्ता, अनेक तर गुस्तान. आवडतो, आवडतात. शब्दाला शब्द. जोर द्यायचा असेल तर पुढे आ मी लावायचं, म्हणजे 'मला' पुन्हा एकदा. त्यांच्या या मीचा उच्चारही आपल्या मीसारखाच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे मी इथे लिहून टाकते. आठ महिने मी परकी भाषा शिकत होते आणि तिच्या आत माझंच वाक्य बसलेलं निघालं.

त्या दिवसापासून मी इंग्रजी मनातून काढून टाकलं. प्रत्येक नवा नियम आला की आधी मराठी वाक्य म्हणून बघायचं. चावी शोधते म्हणायला बुस्को ला याबे, पण मुलीला शोधते म्हणायला बुस्को आ मी इखा. माणसाच्या आधी एक 'आ' जास्तीचा. तो का, हे बाकीचे विचारत होते. मी चावी शोधते, मी मुलीला शोधते. आपणही चावीला 'ला' लावत नाही, मुलीला लावतो. वर्गात एकदा माझ्या हातून पाण्याचा ग्लास पडून फुटला आणि मी घाबरून, मी ग्लास फोडला असं काहीतरी म्हणाले. बाई म्हणाल्या, असं नाही म्हणायचं. से मे कायो. ग्लास पडला, माझ्या हातून. दोष ग्लासचाही नाही, माझाही नाही. मी हसले, कारण आमच्या घरात दुसरं कोणी काही म्हणतच नाही.

मार्चमध्ये माझी दाढ ठणकायला लागली. मी मुद्दाम त्याच औषधाच्या दुकानात गेले, या वेळी दिवसा. मे दुएले ला मुएला. माझी दाढ दुखते. दुखणंही आवडण्यासारखंच चालतं, दाढ कर्ता आणि मी बाजूला. त्याच बाई होत्या, मला ओळखलं नाही. त्यांनी तेच पाच प्रश्न विचारले. वय. ॲलर्जी. दुसरी औषधं. किती दिवसांपासून. ताप आहे का. मी पाचही उत्तरं दिली, हळू, पण दिली. त्या म्हणाल्या, दोन दिवसांत कमी नाही झालं तर डॉक्टरकडे जा. मी पैसे काढले तेव्हा त्यांनी विचारलं, "कोन तारखेता?"

सगळं मराठीने सोडवलं असं मात्र नाही. त्यांच्याकडे 'असणं' दोन प्रकारचं आहे, सेर आणि एस्तार. आपल्याकडे दोन्हींना 'आहे'. नियम असा सांगितला होता की कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. मी उंच आहे, सेर. मी थकले आहे, एस्तार. सोपं वाटलं. मग कुटुंबाची माहिती सांगायचा धडा आला. युक्रेनच्या आजी उभ्या राहिल्या. दोन मुली, चार नातवंडं, सगळं नीट सांगितलं. मग म्हणाल्या, "मी मारिदो एस मुएर्तो." माझे यजमान वारले आहेत. बाईंनी अगदी हळू आवाजात दुरुस्त केलं, "एस्ता मुएर्तो." आजी तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, पण ते तर कायमचं आहे ना?

वर्गात कोणी हललं नाही. बाईंनी खडू खाली ठेवला, आजींच्या बाकापाशी जाऊन बसल्या, आणि म्हणाल्या की नियम पुरा नाही, चूक माझी, मी तो असा सांगायला नको होता. त्या दिवशी पुढे धडा झाला नाही.

मी ट्रामने घरी येताना तेच घोकत होते. एस्ता मुएर्तो. एस्ता सेन्तादो, बसलेला आहे. एस्ता कान्सादो, थकलेला आहे. एस्ता रोतो, तुटलेलं आहे. आणि मेलेला आहे. आपला 'लेला'! कायम की तात्पुरतं हा प्रश्नच नव्हता. काहीतरी घडून गेलं आणि माणूस त्या अवस्थेत येऊन पोचला, तर एस्तार. शिवाय कुठे आहे हे सांगायचं तरी एस्तारच. हा नियम मला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता आणि तो प्रत्येक ठिकाणी लागू पडेल असा दावा मी करत नाही, पण माझ्या दहा चुकांतल्या आठ त्याने थांबवल्या. दुसऱ्या दिवशी मी तो आजींना समजावायचा प्रयत्न केला. तेवढं स्पॅनिश मला येत नव्हतं. त्यांनी माझा हात थोपटला.

एका ठिकाणी मराठीने मला पुरतं चकवलंही. समोरच्या आजींकडे एका संध्याकाळी कॉफी घेऊन निघाले. 'जाते' म्हणायला माझी जीभ उचलेना. आपल्यात कोणी जाते म्हणत नाही. मी म्हटलं, "आओरा बेंगो." आता येते. त्या म्हणाल्या, बरं. रात्री नऊला कचरा टाकायला दार उघडलं तर त्यांचं दार किलकिलं, आत दिवा, आणि टेबलावर माझा कप पालथा न घालता तसाच. तिथे आओरा बेंगो म्हणजे खरोखरच हे बघा, पाच मिनिटांत आले. मी धावत आत गेले आणि येईल तसं समजावलं, की आमच्याकडे जाताना जाते म्हणणं अशुभ मानतात, म्हणून येते म्हणतात. त्यांनी ते दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. येते. मग म्हणाल्या की हे छान आहे, इखा, पण मला वेळ सांगत जा.

वसंतात भूतकाळ आला. त्यांचे दोन भूतकाळ, एक घडून गेल्याचा, एक घडत राहण्याचा. मी गेले आणि मी जायचे. यात शिकण्यासारखं आपल्याला काही नाही, फक्त रूपं पाठ करायची. बालपणावर निबंध दिला होता. मी लिहिलं की आम्ही रविवारी कामाठीबागेत जायचो, वडील शेंगदाणे घ्यायचे, सूरसागरच्या कठड्याशी उभं राहून आम्ही पाणी बघायचो, आणि आमच्या गावच्या नदीत मगरी आहेत. निबंध परत आला तेव्हा सगळ्या जायचो-यायचोवर बरोबरची खूण आणि कोकोद्रिलोस या शब्दाखाली लाल रेघ, प्रश्नचिन्ह. बाईंना वाटलं मी शब्द चुकले. मी मोबाइलवर विश्वामित्रीचे फोटो दाखवले, पुलाच्या अलीकडे गाळात ऊन खात पडलेल्या मगरी, मागे माणसांची घरं. सेनेगलचा मुलगा तर बाकावर चढला बघायला. एब्रोत काय आहे, असं मी विचारलं तर म्हणाले, मोठाले मासे.

त्या वर्षी शनिवार माझा आवडता वार झाला. ह्यांना घरी ठेवून मी एकटी मेर्कादो थेन्त्रालमध्ये भाजी आणायला जायचे. १९०३ साली बांधलेलं लोखंडी कमानींचं मोठं मार्केट आहे. मधल्या रांगेत एक बटाटेवाले होते, त्यांच्याशी भाव करता येत नसे, पण कोणता बटाटा कशाला चांगला यावर त्यांना कितीही वेळ बोलता येई. त्यांच्यामुळे माझं जेवढं स्पॅनिश सुधारलं तेवढं कुठल्या पुस्तकाने नाही. आईला प्रत्येक शनिवारी फोनवर सांगायचे, आज काय काय आणलं आणि कशाला काय म्हणतात. एकदा ती म्हणाली, "तुझं आता खंडेराव मार्केट सुरू झालं."

जूनमध्ये परीक्षा झाली. लेखी दोन तास, मग तोंडी. तोंडी परीक्षेला जोडीने बोलायचं होतं, माझी जोडी सेनेगलच्या मुलाबरोबर. त्याने मला विचारलं, तुम्हाला थारागोथात काय आवडतं? मी म्हटलं, लोक आवडतात, वारा आवडत नाही. पास झाले. युक्रेनच्या आजीही झाल्या. सप्टेंबरपासून पुढचा वर्ग, ए-दोन.

सध्या मी बडोद्यात आहे, दोन महिन्यांसाठी. पाऊस चांगला लागलाय. सकाळी ओटल्यावर पाणी, संध्याकाळी विजेचा पत्ता नाही. पुढच्या वर्गाच्या आधी अनियमित क्रियापदं पक्की करायची आहेत, ती वहीत मी देवनागरीत उतरवून आणली आहेत. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ती हिंचक्यावर बसते, वही मांडीवर घेते आणि चष्मा सरसावून मला विचारते. लहानपणी पाढे असेच घ्यायची, याच हिंचक्यावर, एक पाय जमिनीला टेकवून. पावकी-निमकीला मी अडखळले की झोका थांबायचा.

काल 'जाणं' हे क्रियापद चाललं होतं. तीन दिवस तेच चाललंय, कारण ते माझ्या तोंडात बसत नाही.

"यो बोय," मी म्हटलं. "तू बास. एल बा."

झोका चालू होता.

"नोसोत्रोस..."

मी थांबले. पागोळ्यांचा आवाज येत होता. आईने वही मिटून बाजूला ठेवली होती, ते मला तेव्हा दिसलं.

"बामोस," ती म्हणाली. "नोसोत्रोस बामोस. पुढे?"